श्वानदंश आणि तयार प्रतिपिंडे

दुकान उघडण्यापूर्वी गल्लीतील श्वानांना पोळी घालण्याचा नेम अनेक कुटुंबांत आजही पाळला जातो. या जीवदयेसोबत श्वानदंशावरील उपचाराचे ज्ञानही घराघरांत असणे अगत्याचे आहे.

रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ ठरतो. लस घेतल्यावर शरीरात संरक्षक प्रतिपिंडे निर्माण होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. दात त्वचेत रुतून रक्त आले असेल, तर तेवढ्या अवधीत विषाणू मज्जातंतूंत शिरू शकतो. म्हणून अशा जखमेत व तिच्या भोवती, लसीखेरीज, तयार प्रतिपिंडेही टोचावी लागतात. पुष्कळदा हीच पायरी राहून जाते.

ही प्रतिपिंडे पूर्वापार घोड्यांच्या, अथवा लस घेतलेल्या मनुष्यांच्या रक्तातून मिळवीत. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर व सेझर मिलस्टाईन यांनी निराळी वाट दाखविली. प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी त्यांनी अमर्याद वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. त्या एकाच संकरित पेशीच्या वंशातून, एकच लक्ष्य ओळखणारे प्रतिपिंड अखंड मिळू लागले. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. १९८४ साली या शोधास नोबेल पारितोषिक लाभले. आज कर्करोग, संधिवात अशा व्याधींवरही अशी औषधे दिली जातात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने सिद्ध केलेले रेबीजविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ पासून भारतात उपलब्ध आहे. त्याच्या संशोधनात उंदरांचा उपयोग झाला आणि उत्पादक पेशींचे मूळही प्राणिज आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि त्या पेशी टाक्यांत वाढविल्या जातात. प्रत्येक नव्या मात्रेसाठी घोड्याचे रक्त काढावे लागत नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्यांस हा भेद लहान वाटणार नाही.

दंश होताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि वैद्यांस स्पष्ट विचारावे, ‘लसीबरोबर प्रतिपिंडेही द्यावयाची आहेत काय?’ ती त्या दिवशी मिळाली नाहीत, तरी लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंत देता येतात. लसीच्या उरलेल्या मात्राही ठरल्या दिवशी पूर्ण कराव्यात.