पालीची बाजू

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आठ दिवस आधी आमच्या इमारतीच्या फळ्यावर एक सूचना लागली. "दिवाळीपूर्वी सर्व बिऱ्हाडांतून पाली, झुरळे व मुंग्या यांचा नायनाट करण्यात येईल. प्रत्येकाने वर्गणी द्यावी." वर्गणीला माझी हरकत नव्हती. झुरळांविषयी मला ममता नाही. आणि मुंग्यांचे म्हणाल तर नायनाट वगैरे शब्द ऐकून त्या मनातल्या मनात हसत असतील. पण यादीत पालीचे नाव का, आणि तेही पहिले का, असे मी सभेत उठून विचारले. झुरळांची पिले, डास, पतंग, कसर हेच तिचे अन्न. झुरळ आणि पाल यांना एकाच फवाऱ्याने मारणे म्हणजे चोराबरोबर रखवालदारालाही सुळी देणे, असेही मी म्हणालो. सभा पोट धरून हसली. चिटणीस म्हणाले, "काय सर, पालीचं वकीलपत्र घेतलंत वाटतं?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. मास्तर लोकांना उत्तरे नेहमी तास संपल्यावर सुचतात. आज वर्षाने सुचले आहे. होय, घेतले आहे. फराळाचे ताट बाजूला ठेवून आमच्या अशिलाची बाजू घटकाभर ऐकावी, एवढीच वाचकांना विनंती.

पहिला आरोप अशुभपणाचा. हा आरोप करणारे माझ्याच घरात होते. पाल चुकचुकली की आमची आजी हातातले काम टाकून जमिनीवर बोटे टेकवी आणि "कृष्ण कृष्ण" म्हणे. पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असे. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, पुरुषाच्या उजव्या अंगावर काय आणि बायकांच्या डाव्या अंगावर काय, याचा सगळा हिशेब त्यात मांडलेला. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात तर छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे आणि त्यांना हात लावला की दोष जातो, या श्रद्धेने भाविक रांग लावतात. मला आजीच्या श्रद्धेची थट्टा करायची नाही. ती पालीला भीत होती, पण तिने जन्मात एकही पाल मारली नाही. आजीचे पंचांग न मानणारी तिची सुशिक्षित पतवंडे मात्र फवारणीवाल्याला फोन करतात. यातला पुढारलेला कोण, हे तुम्हीच ठरवा.

मला नवल वाटते ते पाल पडते याचे नाही, ती एरवी पडत नाही याचे. आशियातल्या एका मोठ्या पालीच्या तळपायाचा शास्त्रज्ञांनी २००० साली बारकाईने अभ्यास केला. एकेका पायाला पाच लाखांच्या घरात केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. ना डिंक, ना चूषक. दोन पदार्थ अगदी जवळ आले म्हणजे त्यांच्या कणाकणांत जी क्षीण ओढ उत्पन्न होते, तिच्या बळावर ही बाई छताला उलटी धावते. भिंत ओली असली किंवा दोन नरांची मारामारी जुंपली म्हणजे कधी पकड सुटते आणि खाली आपण असतो. त्यात भविष्य असलेच तर पालीचे असते, आणि ते बहुधा वाईट असते; कारण आपल्या हातात केरसुणी असते.

आपल्या भाषेनेही तिच्यावर अन्यायच केला आहे. मनात संशय आला की आपण शंकेची पाल चुकचुकवतो. खरे तर ते चुकचुकणे म्हणजे शेजाऱ्याला दिलेली समज असते: ही भिंत माझी, तू पलीकडे हो. तिच्याच दूरच्या नात्यातल्या घोरपडीला पाहा. तानाजीची यशवंती कोंढाण्याचा कडा चढून गेली, हे पोरासोरांनाही पाठ. ती आख्यायिका म्हणून सोडली तरी मराठी मनात घोरपडीला मान मिळाला तो मिळालाच. (मान पोवाड्यापुरता, तेलासाठी तिला मारणारे आजही आहेत.) कडा चढली तर शूर आणि भिंत चढली तर अशुभ, हा कुठला न्याय?

दुसरा आरोप विषाचा. दुधात पाल पडली आणि अमक्या गावी इतक्या मुलांना वांत्या झाल्या, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. आमच्या घरांतल्या कोणत्याही पालीला विष नाही. तिच्या विष्ठेत रोगजंतू असू शकतात, हे मी अशिलाचा वकील असूनही कबूल करतो. पण ते कोंबडीच्या अंड्यावरही असू शकतात, आणि कोंबडीला कुणी विषारी म्हणत नाही. दुधावर झाकण ठेवावे. झाकण ठेवण्याचा आळस आपला आणि फाशी पालीला!

तिसरा आरोप चिटणिसांनीच सभेत केला. "अहो, रात्री हिंडणारा प्राणी चांगला कसा असेल?" हे ऐकून मी गप्प बसलो खरा, पण मला एकदम मध्य अमेरिकेतली एक मंडळी आठवली. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण त्या बिचाऱ्यांवर हा आरोप चक्क नावातच कोरला गेला आहे.

इंग्रजीत त्यांना 'नाइट लिझर्ड' म्हणतात; आपण रात्रसरडे म्हणू. पालीचे हे सख्खे नव्हेत, पण पाहणाऱ्याला पालच आठवावी अशी चण: डोळ्यांना पापण्या नाहीत, वर काचेसारखा पारदर्शक पडदा. १८५९ साली बेअर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने यांच्यातल्या एकाचे वर्णन केले, आणि नमुने गोळा करणाऱ्या झांटुस नावाच्या हंगेरियन गृहस्थावरून साऱ्या वंशाला झांटुसिया हे नाव मिळाले. पुढे कितीतरी वर्षे हा प्राणी अतिशय दुर्मिळ समजला जाई. कुणाला तो सापडतच नसे. १८९० नंतर व्हॅन डेनबर्ग याने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जमिनीवर पडलेले युक्काचे ओंडके उलटून पाहिले, तर त्याखाली हे महाशय हवे तितके! दुर्मिळ नव्हतेच, कुणी वाकून पाहिले नव्हते. दिवसा दिसत नाहीत, त्याअर्थी रात्री फिरत असणार, असा सरळ हिशेब करून लोकांनी त्यांना रात्रीचे ठरवले. पुढे बारकाईने पाहिल्यावर कळले की कॅलिफोर्नियासमोरच्या बेटांवरचा रात्रसरडा दिवसाच हालचाल करतो, फक्त दगडाच्या आणि झुडपाच्या आडोशाने. म्हणजे न पाहणाऱ्याने न दिसणाऱ्याला चोर ठरवले. चिटणीससाहेब, ऐकताय ना?

याच कुळातला उष्ण प्रदेशातला वंश लेपिडोफायमा. ऑग्युस्त द्युमेरील याने १८५१ साली हे नाव ठेवले; अंगावर खवल्यांच्या उंचवट्यांच्या ओळी असतात म्हणून. मेक्सिकोपासून पनामापर्यंत यांच्या वीसेक जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच मेक्सिकोत, आणि काही तर एखाद्या डोंगररांगेच्या बाहेर कुठेच नाहीत. कुणी कुजक्या ओंडक्यात राहतो, कुणी चुनखडीच्या भेगेत, कुणी गुहेत. मेक्सिकोतल्या एका गुहेतले सरडे वरून पडणारी अंजिरासारखी रानफळे खाऊन राहतात. किडे मिळाले तर किडे, नाही तर फलाहार. देहाचा खर्च इतका कमी की थोडक्यात भागते. मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिले विते, आणि तीही मोजकी. हे सावकाशीचे आयुष्य आहे.

यांची आणखी एक गोष्ट आहे, जी मी वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही जागी होत. पिवळ्या ठिपक्यांचा लेपिडोफायमा मेक्सिकोकडे नर-मादी असा रीतसर संसार करतो. पण दक्षिणेला कोस्टारिका आणि पनामाकडे आले की काही वसाहतींत नुसत्या माद्याच. नर नाहीच. माद्या नराशिवाय पिले वितात आणि त्याही साऱ्या मुलीच. पनामातल्या अशा वसाहतीची निरीक्षणे १९७० साली प्रसिद्ध झाली. इतर सरड्यांत असे झाले म्हणजे त्यामागे बहुधा दोन जातींचा संकर असतो. यांच्यात तसे काही नाही, हे २०१० साली डीएनएच्या तपासणीवरून दिसले. संकर नाही, नर नाही, आणि वंश चाललेला आहे. तो कसा सुरू झाला, हा प्रश्न ओंडक्याखाली अजून पडून आहे.

"पण सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला पस्तीस वर्षे पालकांनी विचारला, आणि आता तो खूप शिकलेली माणसे विचारतात. परवा एका हुशार गृहस्थाने मला ऐकवले की देशात शाळांना छपरे नाहीत आणि ही मंडळी सरकारी पैशाने डोंगरात पाली मोजत बसतात. शाळांना छपरे हवीत, शंभर वेळा हवीत. पण छपराचा पैसा पालींनी खाल्ला, असे मी अजून कुठल्या चौकशी अहवालात वाचलेले नाही. आणि उपयोगाचेच विचाराल, तर ज्या गोष्टीकडे कुणी पाहिलेलेच नाही, तिचा उपयोग आहे की नाही हे तुम्हाला कळले कुठून?

कॅलिफोर्नियाच्या त्या बेटांवर माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी झुडपे खाऊन टाकली आणि रात्रसरड्यांचा आडोसा गेला. १९७७ साली त्यांना संकटग्रस्त म्हणून सरकारी संरक्षण मिळाले. शेळ्या काढल्या, झुडपे परत आली आणि २०१४ साली त्यांचे नाव त्या यादीतून उतरले. सदतीस वर्षे लागली. पण सरडा दिसेनासा होण्याआधी कुणीतरी त्याला नाव दिले होते, मोजले होते, म्हणून ते जमले.

आता आपल्याकडे पाहा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी दगडांखाली एक लहानशी पाल राहते. पिढ्यान्‌पिढ्या गुराख्यांनी तिला पाहिले असेल. पण वरद गिरी आणि ॲरन बाऊर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा २००८ साल उजाडले होते. तिचे नाव साताऱ्यावरूनच ठेवले आहे. त्याच वर्षी जुन्नरकडच्या कातळांवरच्या एका पालीला गिरींनी बाऊर यांचे नाव दिले. २०१९ साली आंबोलीच्या एका पालीला दुसऱ्या अभ्यासकांनी गिरींचे नाव दिले. आपल्यात माणसांची नावे रस्त्यांना देतात. पालीला नाव देण्यात मला त्याहून अधिक सन्मान वाटतो, कारण पालीला खड्डे पडत नाहीत. थट्टा सोडा. या सगळ्या निरनिराळ्या जिवांना आपण एकच शब्द वापरतो: पाल. भाताच्या वाणांना आपण पन्नास नावे दिली, आंब्याला दिली, गाईच्या रंगाला दिली. ज्यांच्याबरोबर एका छपराखाली राहतो त्यांना मात्र एकच नाव आणि एकच केरसुणी. आणि त्या पठारावरचे दगड? ते रस्त्याच्या भरावाला जातात, कुंपणाला जातात, हौशी मंडळी ते उलटून पाहतात आणि उलटेच टाकून जातात. ज्या पालीचे सारे जग म्हणजे पठाराचा एक तुकडा, तिचे छप्पर आपण नेले तर ती जाणार कुठे? हा गुन्हा कुठल्या फळ्यावर लागत नाही.

नुकसानीची दुसरी तऱ्हाही सांगून टाकतो. ईशान्य भारतातली टोके नावाची मोठी पाल असाध्य रोगांवर औषध आहे, अशी कंडी कुणीतरी पिकवली आणि तिची चोरटी शिकार सुरू झाली. अखेर २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. अशुभ म्हणून मारली काय किंवा औषध म्हणून मारली काय, पालीच्या दृष्टीने फरक तो काय?

आमच्या स्वयंपाकघरात दिव्यामागे एक पाल गेली तीन वर्षे आहे. तीच ती, कारण तिची शेपटी एकदा तुटून पुन्हा आलेली आहे. नव्या शेपटीचा रंग निराळा आणि आत हाडाऐवजी कूर्चा असते. आमच्या सौभाग्यवतींना ती आवडत नाही, पण करंज्या तळताना दिव्याभोवतीचे किडे कढईत पडत नाहीत, एवढे त्यांनी मान्य केले आहे. पिठाच्या डब्यामागे तिची दोन पांढरी गोल अंडी सापडली, तेव्हा त्यांनी तो डबा आठ दिवस हलवला नाही. मला मात्र त्यांनी बजावले, "हे बाहेर कुणाला सांगू नका." मी इथे छापून टाकले.

यंदाही सूचना लागली आहे. मजकूर तोच, फक्त वर्गणी वाढली आहे. मी ती भरली. फवारणीवाला येणार त्या दिवशी आमच्या दाराला कुलूप असेल. आम्ही दोघे वाईला बहिणीकडे जाणार आहोत. किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवायची नाही, एवढे ठरले आहे.