दिवसा दुकान कोण सांभाळणार?

वर्ध्याहून नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या डब्यात धंद्याचा विषय निघाला नाही, असा आठवडा सहसा जात नाही. कुणाला तेलघाणी टाकायची असते, कुणाला हळद दळून पाकिटात विकायची असते. पगारातून किती, बँकेकडून किती, जीपीएफमधून किती, हा हिशेब सेवाग्राम यायच्या आत होतो. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात मालक गाडीत नाहीतर ऑफिसात असताना धंदा बघणार कोण, हे कुणी विचारत नाही. नोकरदाराचा धंदा अडतो तो इथेच.

हळदीचंच घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नोकरदार घरांतही तिच्या पुडीचा विचार होतो. पण हळद सुट्टीचा दिवस बघून तयार होत नाही. खणून काढलेले कंद उकडायचे, उन्हात दहा-पंधरा दिवस पसरायचे, वर-खाली करायचे, ढग आले की धावत जाऊन झाकायचे. मग ड्रममध्ये पॉलिश, मग दळण. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर सुकी हळद हाती येते. अवकाळीचं आभाळ मंगळवारी दुपारी भरून आलं, तर साहेबांची परवानगी काढून घरी पोहोचेपर्यंत माल भिजलेला असतो.

दिवसा धंदा बघणारं माणूस असलं की काय होतं, ते किर्लोस्करांच्या घरात दिसतं. पुढे उद्योजक झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हा बेळगावात त्यांच्या भावाने, रामुअण्णांनी, सायकलचं दुकान चालवलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे, रामुअण्णा विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे बढती डावलली गेली, म्हणून लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावला ते रिकाम्या हातांनी परतले नाहीत, चालतं दुकान त्यांची वाट बघत होतं. लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडीची उद्योगनगरी त्यानंतरची. या घराची गोष्ट सांगताना सगळं श्रेय धाडसाला दिलं जातं. रामुअण्णांच्या दिवसांचा हिशेब कुणी मांडत नाही.

वर्ध्याच्या घरात रामुअण्णांची ही जागा बहुतेक वेळा बायको सांभाळते. हळद तीच राखते, पाकिटं तीच भरते. धंदाही तिच्याच नावावर असतो, कारण नवरा सरकारी नोकरीत. पण चेकवर सही तिची, पैशाचा निर्णय त्याचा. ही लपवाछपवी थांबायला हवी.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करू देत नाही. बायकोच्या किंवा घरातल्या इतर कुणाच्या धंद्यासाठी त्याने गिऱ्हाईक जमवणं हाही त्याच नियमाचा भंग धरला जातो. म्हणजे ऑफिसात पुड्या खपवणारा कर्मचारी नोकरी पणाला लावतो, धंदा कागदावर कुणाच्याही नावे असो. खासगी नोकरीतल्याने धंद्याच्या कागदावर सही करण्याआधी नेमणूकपत्रातल्या अटी वाचाव्यात.

नियमातच परवानगीची वाट आहे. ती मागायला लोक कचरतात, कारण अर्ज केला की साहेबांच्या नजरेत येऊ, ही भीती. कामाच्या वेळेबाहेरच्या आणि खात्याशी संबंध नसलेल्या छोट्या प्रक्रिया उद्योगाच्या अर्जावर तीस दिवसांत लेखी हो किंवा नाही कळवणं सरकारने बंधनकारक करावं. शेतमालावर प्रक्रिया हवी म्हणून सरकार स्वतःच अन्नप्रक्रिया योजनेतून पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान देतं. मग पगारदाराच्या घरातली बचत या कामाला लागत असेल, तर ती चोरवाटेने का यावी?

आणि दिवसभर धंदा बायको चालवत असेल, तर बँकेत कर्जाविषयी बोलायला तीच जावी, भाव तिनेच ठरवावा, व्यापाऱ्याला नंबर तिचाच द्यावा. अकरा वाजता फोन वाजला, तर 'ते संध्याकाळी येतील, तेव्हा विचारते' असं तिला म्हणावं लागू नये.