अपयश परवडतं कुणाला?

'नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा.' विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरच्या कार्यक्रमात हे वाक्य हमखास ऐकू येतं. दलित उद्योजकांची संघटना डिक्की हे म्हणते तेव्हा त्यात स्वाभिमान असतो. प्राध्यापकांच्या राखीव जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणारी विद्यापीठं हेच आपल्या मुलांना ऐकवतात, तेव्हा ती अंग काढून घेण्याची भाषा वाटते.

तरीही 'स्टार्टअप हे भांडवलदारांचं खूळ, आपल्याला काय त्याचं' असं म्हणणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांशी आम्ही सहमत नाही. बाबासाहेबांनी स्वतः हा मार्ग करून पाहिला होता. बडोद्यातला अपमान सोसून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, ज्ञानात कमी काय होतं? सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक येईनासं झालं. व्यवसाय बंद पडला. आजचे मेंटॉर मुलांना सांगतात, अपयशाला घाबरू नका, लवकर फेल व्हा. बाबासाहेबांचं हे अपयश त्यांच्या कोणत्या स्लाइडवर बसतं?

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीचं घ्या. आईवडील ऊसतोडीला जातात. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, किती फिटली, हा सगळा हिशोब मुकादमाच्या वहीत. कोयत्याला हंगामाच्या शेवटी फक्त आकडा कळतो, आणि तो बहुतेक वेळा अंगावर बाकी दाखवणाराच असतो. तिने मोबाइलवर नुसतं बोलून रोजची नोंद ठेवता येईल असं साधं ॲप बनवलं. स्पर्धेत परीक्षकांनी कौतुक केलं आणि विचारलं, याचे पैसे कोण भरणार? मजुराला परवडणार नाही, मुकादम भरणार नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. पण ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांच्या अडचणीवरचं उत्तर नवोपक्रमात मोजायचंच नाही का?

तरी तिची निवड झाली. मिळालं काय? टेबल-खुर्ची, वायफाय आणि दर शनिवारी इंग्रजीतून मार्गदर्शन. गावाहून विद्यापीठ एसटीने तीन तास. शिष्यवृत्ती रखडलेली, धाकटा भाऊ शिकतोय. चार महिन्यांत तिने पुण्यात कॉल सेंटरची नोकरी धरली. सेंटरच्या माहितीपत्रकात तिचा फोटो मात्र अजून आहे.

त्याच सेंटरमधल्या एका मुलाच्या कंपनीने दीड वर्ष एक रुपया कमावला नाही. वडिलांचा बांधकामाचा धंदा, पहिली ऑर्डर मामाची. पोरगा हुशार आहे, वाद नाही. पण त्याचं खरं इन्क्युबेशन घरी झालं.

पैसा नाही असं म्हणायची सोय नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' ही शब्दावली विद्यापीठाच्या पाट्यांवर आली. अटल इन्क्युबेशन सेंटरला पाच वर्षांत १० कोटींपर्यंत अनुदान मिळू शकतं. २०२० मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आणलं. चार वर्षांत अनुसूचित जातींचे १,००० तरुण, प्रत्येकाला तीन वर्षांत ३० लाख, तेही कर्ज म्हणून नव्हे, भागभांडवल म्हणून. पण या पैशाची वाट मुख्यतः इन्क्युबेटरमधूनच जाते. चार महिन्यांत बाहेर पडलेली मुलगी तिथवर पोहोचणार कशी?

म्हणून आमची पहिली मागणी निर्वाहभत्त्याची आहे, खुर्चीची नाही. हे अशक्यही नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-ईआयआर योजनेत दरमहा ३० हजारांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहेच. आपल्या विद्यापीठात ती कुणाला मिळाली, ते विचारा. मांडणी मराठीतून करू द्या, तालुक्याच्या महाविद्यालयात सेंटरची शाखा काढा, हेही आहे. पण घरी पैसे पाठवता आले नाहीत तर या दोन्हींचा उपयोग नाही.

सुरुवात आकड्यांपासून करू. सेंटर सुरू झाल्यापासून किती जणांची निवड झाली, त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किती, मुली किती, निधी कुणाला मिळाला आणि वर्षभरात सोडून कोण गेलं? माहिती अधिकाराचा अर्ज एका पानाचा आहे, शुल्क दहा रुपये. उत्तर आलं की अधिसभेतल्या पदवीधर गटाच्या सदस्याच्या हातात द्या, प्रश्न तिथे लागला पाहिजे. आमच्या विद्यापीठासाठीचा अर्ज आम्ही याच आठवड्यात टाकतोय. तुमच्याकडचा तुम्ही टाका.

जय भीम.