साडीतली मरियामाता

साडी नेसलेली मरिया आमच्या चर्चमध्ये नको, तिच्यापुढे भक्तिभाव जागत नाही, असं म्हणणारे ख्रिस्ती बांधव आजही भेटतात. बाहेरून आक्षेप येतो तो वेगळाच: साडी, समई, ओवी, कीर्तन हे सगळं चर्चने उचललं ते लोकांना बाटवण्यासाठी. वरवर ही दोन टोकं. पण ख्रिस्त इथे परका आहे आणि त्याने परकंच राहावं, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

आधी घरच्यांचं बघू. आपल्या कितीतरी घरांत लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’ची तसबीर असते. ती नीट पाहा. उंच टेबल, त्यावर घडीच्या रेषा उमटलेलं पांढरं कापड, टेबलाशी बसून चाललेलं जेवण. येशूच्या काळी सणाच्या पंगतीला माणसं कोपरावर रेलून जेवत. लिओनार्दोने आपल्या काळातलं इटालियन जेवणघर रंगवलं आणि त्यात वावगं काही केलं नाही. तशीच नाझरेथची ज्यू मुलगी मरिया इटालियन चित्रकारांनी इटालियन केली, ती आपल्याला चालली. मग गोव्याच्या चित्रकाराने तिला गोव्याची केली तर भक्ती कुठे आटते?

तो चित्रकार म्हणजे आंजेलो द फोन्सेका. 1902चा जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून ते शांतिनिकेतनात गेले, नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात परतून त्यांनी सावळी, साडीतली मरिया रंगवली आणि स्वधर्मीयांचाच रोष ओढवून घेतला. शेवटी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना थारा मिळाला. आश्रम अँग्लिकन, फोन्सेका कॅथलिक. तरी 1967 साली मृत्यू येईपर्यंत पुणे सुटलं नाही.

दुसऱ्या आक्षेपातला खरा भाग मी मान्य करतो. पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळं पाडली, इन्क्विझिशन लादलं. 1616 साली फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ आलं ते त्याच सत्तेच्या छायेत, नवख्रिस्तींना धर्म शिकवण्यासाठी. हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्यावरून फोन्सेकांना गळ टाकणारा ठरवणं हा अन्याय आहे. ज्याची चित्रं त्याच्याच धर्मबांधवांनी झिडकारली, तो कुणाला भुलवणार होता? अहमदनगरच्या कवी ना. वा. टिळकांनीही ख्रिस्तावर अभंग लिहिले, कारण त्यांच्या भक्तीला दुसरी वाणीच नव्हती.

देवाने मनुष्यदेह घेतला, ही आमची श्रद्धा. देह म्हटला की त्वचेला रंग आला, अंगावर कापड आलं, आईची बोली आली. कलेतून हे काढून टाकलं तर देहधारणेला काय अर्थ उरतो? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सर्व देशांच्या कलांना उपासनेत मोकळीक दिली. फोन्सेकांची कितीतरी चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. त्यांच्या प्रतिकृती आपल्या वेदीजवळ लागायला हव्यात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातही, जिथे मुलं अजून निळ्या डोळ्यांचा येशू रंगवतात.