गाणं कुणाचं, पैसा कुणाला? ‘सुपरट्रॅम्प’चे रिक डेव्हिस आणि १९७७ च्या कराराचा वाद

‘सुपरट्रॅम्प’ या ब्रिटिश रॉक बँडचे संस्थापक, कीबोर्डवादक आणि गीतकार-संगीतकार रिक डेव्हिस यांचं सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात निधन झालं. ते ८१ वर्षांचे होते. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी, ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला होता. तक्रार करणारे त्यांचेच जुने साथीदार होते. प्रश्न एकच होता: गाणं दोघांनी लिहिलं आणि पाच जणांनी वाजवलं, तर त्याचे पैसे किती जणांना आणि किती वर्षं मिळायला हवेत?

रिक डेव्हिस कोण होते?

डेव्हिस यांचा जन्म १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडन या रेल्वे कारखान्यांच्या गावात झाला. लहानपणी अमेरिकी जॅझ ड्रमर जीन क्रूपा यांची रेकॉर्ड कानावर पडली आणि त्यांनी ड्रम वाजवायला सुरुवात केली. पुढे ते कीबोर्डकडे वळले. पुढच्या काळात गायक म्हणून नाव कमावणारे गिल्बर्ट ओसुलिव्हन हे डेव्हिस यांच्या सुरुवातीच्या ‘रिक्स ब्लूज’ या बँडमध्ये ड्रम वाजवायचे.

१९६९ मध्ये स्टॅनली मीसेगास या डच धनिकाच्या पाठबळावर डेव्हिस यांनी नवा बँड उभारायचं ठरवलं आणि ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली. त्यातून रॉजर हॉजसन त्यांना येऊन मिळाले. डेव्हिस कामगारवर्गीय घरातले, जॅझ आणि ब्लूजवर वाढलेले. हॉजसन खासगी बोर्डिंग शाळेत शिकलेले, पॉपकडे ओढा असलेले. डब्ल्यू. एच. डेव्हिस यांच्या १९०८ सालच्या भटक्याच्या आत्मचरित्रावरून बँडचं नाव ठेवलं गेलं, ‘सुपरट्रॅम्प’.

यश कधी आलं?

पहिले दोन अल्बम चालले नाहीत आणि मीसेगास यांनी हात काढून घेतला. १९७३ पर्यंत संच बदलला. बेसवर डगी थॉमसन, सॅक्सोफोनवर जॉन हेलिवेल आणि ड्रमवर बॉब सीबेनबर्ग आले. या पाच जणांचा ‘क्राइम ऑफ द सेंच्युरी’ १९७४ मध्ये गाजला. १९७९ चा ‘ब्रेकफास्ट इन अमेरिका’ तर अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले.

वुर्लिट्झर या इलेक्ट्रिक पियानोचा ठसकेबाज आवाज ही बँडची ओळख बनली. ‘गुडबाय स्ट्रेंजर’ आणि ‘ब्लडी वेल राइट’ ही डेव्हिस यांची गाणी. ‘द लॉजिकल साँग’ आणि ‘ड्रीमर’ हॉजसन यांची. दोघं बहुतेक गाणी वेगवेगळी लिहीत, पण या काळात श्रेय मात्र ‘डेव्हिस-हॉजसन’ असं जोडीने दिलं जाई. १९८३ मध्ये हॉजसन बाहेर पडले आणि बँडचा गाडा डेव्हिस यांनी पुढे ओढला. २०१५ मध्ये त्यांना मल्टिपल मायलोमा हा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं आणि ठरलेला दौरा रद्द करावा लागला.

एका गाण्यातून दोन प्रकारचे पैसे कसे?

हा वाद समजून घ्यायचा तर एक फरक लक्षात ठेवायला हवा. कायद्याच्या नजरेत प्रत्येक गाणं म्हणजे दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. तिचे पैसे लिहिणाऱ्यांना मिळतात. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थात स्टुडिओत वाजवून तयार झालेली रेकॉर्ड. तिचे पैसे रेकॉर्ड कंपनी आणि करारानुसार कलाकारांना मिळतात.

उदाहरण घेऊ. ‘गिव्ह अ लिटल बिट’ हे गाणं २००४ मध्ये ‘गू गू डॉल्स’ या अमेरिकी बँडने नव्याने गायलं. ‘स्कूटर’ या जर्मन गटाने २००१ मध्ये ‘द लॉजिकल साँग’ नाचाच्या ठेक्यावर आणलं. दोन्ही वेळा जुनं ध्वनिमुद्रण नव्हे, तर रचना वापरली गेली. म्हणजे कमाई लिहिणाऱ्यांच्या खात्यात. ‘द लॉजिकल साँग’मधला सॅक्सोफोन हेलिवेल यांनी वाजवलाय, पण केवळ वादक म्हणून अशा नव्या आवृत्तीतून त्यांना काही मिळत नाही. मिळायचं असेल, तर वेगळा करार हवा.

१९७७ मध्ये काय ठरलं?

नेमका तोच करार ‘सुपरट्रॅम्प’ने केला होता. डेव्हिस आणि हॉजसन यांनी रचनेच्या उत्पन्नातला काही हिस्सा थॉमसन, हेलिवेल आणि सीबेनबर्ग यांना द्यायचं लेखी मान्य केलं. रॉकच्या जगात असं औदार्य कमीच दिसतं. बँड फुटला, माणसं पांगली, तरी पैसे जात राहिले.

मात्र करारात एक गोष्ट लिहायची राहिली: मुदत. २०१८ मध्ये पैसे थांबले. २०२१ मध्ये तिघांनी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात दावा ठोकला. हॉजसन यांनी तडजोड केली. डेव्हिस लढत राहिले. मुदत नसलेला करार ‘वाजवी काळ’ चालतो आणि चार दशकं म्हणजे वाजवी काळ होऊन गेला, अशी त्यांची बाजू होती. कनिष्ठ न्यायालयाने ती मान्य केली.

अपिलात निकाल का फिरला?

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा करारांसाठी तीन पायऱ्या आहेत. आधी करारात मुदत लिहिली आहे का, ते पाहायचं. नसेल, तर व्यवहाराच्या स्वरूपावरून ती निघते का, ते पाहायचं. तीही निघाली नाही, तरच ‘वाजवी काळ’ लावायचा. अपील न्यायालयाचं म्हणणं असं की दुसऱ्या पायरीवरच उत्तर मिळतं. करार गाण्यांच्या उत्पन्नाच्या वाटणीचा आहे, त्यामुळे गाणी कमावताहेत तोवर वाटणीही चालणार.

हा काळ किती लांब असू शकतो? ब्रिटनमध्ये रचनेवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. म्हणजे डेव्हिस यांच्या गाण्यांवर तिथे किमान २०९५ पर्यंत हक्क राहील.

करार नसता तर?

‘प्रोकोल हारम’चे ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर यांचं उदाहरण बोलकं आहे. १९६७ च्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ या गाण्याची ओळख बनलेली ऑर्गनची धून त्यांची होती, पण श्रेयात नाव नव्हतं. त्यांनी २००५ मध्ये दावा केला. २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने संगीतातला ४० टक्के हिस्सा त्यांचा असल्याचं कायम केलं. पण आधीच्या जवळपास चार दशकांची कमाई त्यांच्या हाती लागली नाही.

फिशर यांना आपण सहरचनाकार आहोत हे सिद्ध करावं लागलं. ‘सुपरट्रॅम्प’च्या तिघांना ते करावं लागलं नाही, त्यांच्याकडे कागद होता. दोन्ही प्रकरणांत न्यायालयात जायची वेळ मात्र आलीच.

आज चार मित्र मिळून गाणं करतात, यूट्यूबवर टाकतात आणि ते कधी व्हायरल होईल सांगता येत नाही. अशा वेळी तीन गोष्टी आधीच लिहून ठेवायला हव्यात: रचना कुणाची, वाटा किती आणि तो कधीपर्यंत. डेव्हिस आणि हॉजसन यांनी पहिल्या दोन लिहिल्या होत्या. तिसरी राहिली, आणि तिचं उत्तर न्यायाधीशांनी दिलं तेव्हा करार होऊन ४८ वर्षं झाली होती.