चूक कोणाची, हे ठरवते कोण?

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिरसाळ्याच्या भर बाजारपेठेत, एखाद्या मोटारीचा धक्का दुचाकीला लागतो, असे समजू. माणसे बचावतात, दिवा फुटतो, चाक वाकते. क्षणार्धात भोवती गर्दी जमते आणि पहिला प्रश्न उमटतो : चूक कोणाची? वरवर पाहता हा प्रश्न न्यायाचा आहे. वस्तुतः त्याचे उत्तर बहुधा रस्त्यावरील खुणांवरून नव्हे, तर वाहनधारकांच्या सामाजिक स्थानावरून ठरते. ज्याच्या एका दूरध्वनीसरशी चार कार्यकर्ते धावून येतात, त्याची चूक कधीच नसते. मुकादमाच्या उचलीखाली दबलेल्या ऊसतोड मजुराला मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा पदरचे पैसे टाकून सुटणे स्वस्त पडते. बळजबरीच्या या व्यवहाराला ‘आपसांत मिटले’ असे सभ्य नाव आहे!

‘आधी चूक सिद्ध करा, मग भरपाई मागा’ हे तत्त्व दिसायला समतेचे. परंतु पुराव्याला वेळ, पैसा आणि वकील लागतो, आणि या तिन्ही गोष्टींची वाटणी समाजात समान झालेली नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून वाहनमालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा निर्णय दिला. तो अन्याय संसदेलाच दूर करावा लागला. १ ऑक्टोबर १९८२ पासून, चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये देण्याची तरतूद आली. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये याच तत्त्वावर देय आहेत.

म्हणजे तत्त्व मान्य झाले. मात्र ते उंबरठ्यावरच थबकले. माणूस दगावला तर कायदा या रकमेसाठी चूक विचारीत नाही. चाक मोडले तर विचारतो! दुचाकीवरून भाजी वा दूध विकणाऱ्याचे वाहन आठवडाभर बंद पडणे म्हणजे आठवडाभर चूल मंदावणे, हे या कायद्याच्या हिशेबात कोठेच बसत नाही. किरकोळ नुकसान हे सधनालाच किरकोळ असते.

यावर आक्षेप येईल की, चूक न पाहता पैसे मिळू लागले तर चालक बेफिकीर होतील. हा आक्षेप शिक्षा आणि भरपाई यांची गल्लत करतो. बेदरकार चालकासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सहा महिन्यांपर्यंतची कैद आहेच, ती राहावी. न्यूझीलंडने १९७४ पासून शारीरिक इजेची भरपाई चुकीच्या वादातून मोकळी केली. तेथे बेदरकारपणा गुन्हा राहिलाच.

मागणी साधी आहे. त्रयस्थाचा विमा प्रत्येक मोटार वाहनाला सक्तीचा आहे. त्या विम्यातूनच लहान नुकसानीची ठरावीक रक्कम, चुकीचा वाद न घालता, केवळ पंचनाम्यावर आणि ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे. चूक कोणाची याचा शोध विमा कंपन्यांनी मागाहून आपसांत घ्यावा. त्यांच्याकडे वकिलांची वाण नाही.

तोवर सिरसाळ्याच्या रस्त्यावर चुकीचा निवाडा होत राहील तो कायद्याने नव्हे, पत पाहून. ज्या न्यायाला गर्दीतील वजनदार माणसाची साक्ष लागते, तो न्याय नव्हे. ती केवळ सत्तेची पावती होय.