शीट लपवली, पण डेटा फाइलमध्येच राहिला

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली एक्सेल फाइल फोनवर उघडली की जे दिसतं, तेवढंच त्या फाइलमध्ये असतं असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तसं नसतं. या एवढ्याशा गैरसमजापायी गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये हजारो लोकांचा जीव टांगणीला लागला. आणि हे पकडायला पायथॉनच्या आठ-दहा ओळी पुरतात, म्हणून हा विषय आज घेतोय.

आधी घडलं काय ते बघू. जुलै 2025 मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की फेब्रुवारी 2022 मध्ये एका अधिकाऱ्याने अफगाण लोकांच्या यादीची एक स्प्रेडशीट ईमेलने बाहेर पाठवली होती. तालिबान सत्तेत आल्यावर ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्यांची ही यादी. फाइलमध्ये साधारण 150 जणांची नावं आहेत असं त्या अधिकाऱ्याला वाटत होतं. प्रत्यक्षात सुमारे 18,700 अर्जदारांचा तपशील त्यात होता. ऑगस्ट 2023 मध्ये त्यातला काही भाग फेसबुकवर आला तेव्हा कुठे मंत्रालयाला पत्ता लागला. मग कोर्टाचा आदेश मिळवून बातमीच दाबली गेली आणि जवळपास दोन वर्षं ती बाहेर आली नाही. दरम्यान लोकांना ब्रिटनमध्ये आणण्याची एक गुप्त योजनाही सुरू झाली.

दुसरं प्रकरण उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचं, ऑगस्ट 2023 मधलं. आपल्याकडच्या आरटीआयसारखा तिथेही माहिती अधिकार आहे. कुणीतरी विचारलं, प्रत्येक हुद्द्यावर किती अधिकारी-कर्मचारी आहेत? प्रश्न नुसत्या आकड्यांचा. आकडे मोजायला कर्मचाऱ्यांचा मूळ डेटा एक्सेलमध्ये उतरवला, त्याच फाइलमध्ये नव्या शीट करून बेरजा केल्या, शेवटी नको असलेल्या शीट काढल्या. जी सगळ्यात आधी काढायला हवी होती ती मूळ डेटाची शीट मात्र लपलेली राहिली, आणि फाइल तपासताना कुणाच्या लक्षात आली नाही. उत्तर वेबसाइटवर गेलं आणि 9,483 जणांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि कामाचं स्वरूप काही तास जगासमोर होतं.

तिथे पोलिसात आहे हे लोक शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमा गावात एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यामुळे नुसतं आडनाव बाहेर जाणंही साधी गोष्ट नव्हती. महिनाभरात पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला, आणि 2024 मध्ये माहिती आयुक्तांनी साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला.

दोन्हीकडे ‘मानवी चूक’ हा शब्द वापरला गेला. मला तो अर्धाच पटतो. माणसाने डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला दिसलं नाही, कारण लपवलेली गोष्ट दिसू नये यासाठीच तर ‘हाइड’चं बटण आहे! जे डोळ्यांना दिसणारच नाही ते डोळ्यांनी तपासायला सांगणं ही कामाच्या पद्धतीतली चूक झाली.

आता फाइलच्या पोटात शिरू. एक्सेल 2007 पासून आलेली .एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल असते. नाव बदलून शेवटी .झिप करा आणि फोनमधल्या कुठल्याही फाइल मॅनेजरने उघडा. आत फोल्डर दिसतील, त्यात एक्सएमएल नावाच्या साध्या टेक्स्ट फाइली. प्रत्येक शीटची वेगळी फाइल. एखादी शीट लपवली की तिच्या फाइलला धक्काही लागत नाही. वर्कबुकच्या यादीत त्या शीटच्या नावापुढे ‘हिडन’ एवढा शेरा पडतो, बस्स. एक्सेल तो शेरा वाचून टॅब दाखवत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे ‘व्हेरी हिडन’. ती शीट तर एक्सेलच्या ‘अनहाइड’ मेनूतही येत नाही.

ओपनपायएक्सएल ही पायथॉनची फुकट लायब्ररी हीच एक्सएमएल थेट वाचते. तिला शेऱ्याशी घेणंदेणं नाही. तिच्या ‘लोड वर्कबुक’ फंक्शनने फाइल उघडली आणि शीटची नावं छापायला सांगितली, की दिसणाऱ्या आणि लपलेल्या सगळ्या शीटची नावं समोर. प्रत्येक शीटचा ‘शीट स्टेट’ हा गुण छापला की कोणती दिसणारी, कोणती लपलेली, कोणती फारच लपलेली हेही कळतं. पांडाज ही दुसरी लोकप्रिय लायब्ररी वापरत असाल, तर सगळ्या शीट वाचायला सांगितल्यावर तीही लपलेल्या शीट निमूटपणे हातात ठेवते.

शीटपेक्षा फसवे असतात ते लपलेले रो आणि कॉलम. समजा, अख्ख्या जिल्ह्याच्या यादीवर फिल्टर लावून तुम्ही फक्त आपल्या तालुक्याची नावं ठेवलीत, फाइल सेव्ह केलीत आणि ग्रुपवर टाकलीत. बाकीचे तालुके कुठे गेले? कुठेच नाहीत. फिल्टरने बाजूला केलेले रो फाइलमध्ये जसेच्या तसे असतात, त्यांच्यावर फक्त ‘लपलेला’ असा शिक्का असतो. ओपनपायएक्सएलमध्ये ‘रो डायमेन्शन्स’ आणि ‘कॉलम डायमेन्शन्स’मधून हा शिक्का तपासता येतो. एक खाच आहे: लागून असलेले तीन-चार कॉलम लपवले असतील, तर त्यांची नोंद पहिल्या कॉलमच्या अक्षराखाली एकत्रच असू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीचा ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ आकडाही बघायचा, नाहीतर एकच कॉलम लपलाय असं वाटेल.

आणि पिव्होट टेबल! मूळ शीट डिलीट केली तरी पिव्होट आपल्याजवळ मूळ डेटाची एक प्रत साठवून ठेवू शकतं. लंडनच्या इस्लिंग्टन कौन्सिलने 2012 मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात दिलेल्या फाइलींतल्या पिव्होटमधून दोन हजारांहून जास्त रहिवाशांचा खासगी तपशील बाहेर गेला होता. दंड झाला 70,000 पौंड. म्हणजे उत्तर आयर्लंडच्या अकरा वर्षं आधी हाच धडा त्याच देशात गिरवून झाला होता.

‘पण आम्ही शीटला पासवर्ड लावतो’ असं काही जण म्हणतील. शीट प्रोटेक्शन फक्त एक्सेलमध्ये बदल करू देत नाही, आतला मजकूर उघडाच असतो आणि लायब्ररी तो सहज वाचते. अख्खी फाइल उघडायलाच पासवर्ड लावला तर गोष्ट वेगळी. मग मजकूर एन्क्रिप्ट होतो आणि ओपनपायएक्सएलला ती फाइल उघडतच नाही.

तपासलं, लपलेलं सापडलं, आता काय? मूळ फाइलमधून एकेक गोष्ट काढत बसू नका, काहीतरी राहतंच. कोरं वर्कबुक बनवा आणि पाठवायचे तेवढेच रो आणि कॉलम त्यात लिहा. जे लिहिलंच नाही ते जाणारही नाही. मूळ फाइल उघडताना ‘डेटा ओन्ली’ चालू ठेवायचं, म्हणजे सूत्रांऐवजी त्यांची उत्तरं मिळतात. इथे एक अडचण येऊ शकते. फाइल एखाद्या प्रोग्रॅमने बनवली असेल आणि एक्सेलमध्ये कधी उघडून सेव्हच झाली नसेल, तर उत्तरांच्या जागी रिकामं मिळतं. तसं झालं तर आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा.

हे सगळं अँड्रॉइड फोनवर होतं. पायड्रॉइड 3 या ॲपमध्ये पायथॉन चालतं आणि ओपनपायएक्सएल लगेच इन्स्टॉल होतं. गुगल कोलॅबही ब्राउझरमध्ये चालतं, पण तिथे फाइल गुगलच्या सर्व्हरवर जाते. दुसऱ्यांचे आधार नंबर किंवा खाते क्रमांक असलेली यादी गळते का हे बघायला ती आधी तिसरीकडे अपलोड करणं म्हणजे कुलूप तपासायला किल्ली गल्लीत ठेवण्यासारखं. अशी फाइल फोनवरच तपासा.

ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी सप्टेंबर 2023 मध्येच सरकारी कार्यालयांना सांगितलं, की माहिती अधिकाराच्या उत्तरात मूळ एक्सेल फाइल टाकणं ताबडतोब बंद करा. सल्ला बरोबर आहे. पण त्याचा अर्थ ‘सगळं पीडीएफमध्ये द्या’ असा काढला जाईल, याची मला धास्ती वाटते. पीडीएफने नागरिकाचं किती काम वाढतं ते आपण 14 मार्च 2024 ला पाहिलंय. निवडणूक रोख्यांच्या दोन याद्या आयोगाच्या वेबसाइटवर आल्या त्या शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये. त्यातून आकडे उपसून पुन्हा तक्त्यात बसवण्यातच पत्रकारांचा आणि प्रोग्रॅमरांचा कितीतरी वेळ गेला.

मधला रस्ता सीएसव्ही. त्यात शीट नाही, लपवणं नाही, पिव्होट नाही. आहे तो नुसता मजकूर. मात्र पांडाजने सीएसव्ही बनवताना आधी फिल्टर झालेले रो खरोखर वगळलेत ना ते बघा, कारण ती लपलेलेही वाचते. आणि मराठी नावं असतील तर एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-8-सिग’ द्या. नुसतं यूटीएफ-8 दिलं तर एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर ‘सावित्री’च्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात, आणि समोरचा म्हणतो, फाइल खराब आहे, मूळ एक्सेलच पाठव.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा सांभाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागू नाही, म्हणजे मामाच्या लग्नाची पाहुण्यांची यादी फॉरवर्ड करायला हरकत नाही. पण क्लासचे मार्क, सोसायटीची थकबाकी, कंपनीतल्या इंटर्नची यादी हे त्या सवलतीत बसेल असं गृहीत धरू नका. अशा ठिकाणी एक्सेलचं काम बहुतेक वेळा ऑफिसातल्या सगळ्यात तरुण माणसाकडे येतं, म्हणजे तुमच्यापैकीच कुणाकडे तरी.